अक्षयनीवीपासून वसतिगृहापर्यंत : खाडीकाठच्या दानपरंपरेचा एक विचार

भाईंदर स्थानक सोडून उत्तरेकडे निघालेली गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर येते, तेव्हा डब्यातील गर्दीला क्षणभर मोकळा वारा लागतो. पुलापलीकडे नायगाव, त्यानंतर वसई रोड आणि तिसरे स्थानक नालासोपारा. रोज या मार्गाने जाणाऱ्या हजारो कष्टकऱ्यांना नालासोपारा हे केवळ स्वस्त भाड्याच्या खोल्यांचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. परंतु हेच प्राचीन शूर्पारक होय. सम्राट अशोकाने आपली धम्माज्ञा येथे कोरविली आणि येथेच स्तूप उभा राहिला. दुसऱ्या बाजूस, मीरा-भाईंदरच्या दक्षिणेकडील डोंगररांगेत, कान्हेरीची शंभरांहून अधिक लेणी आहेत. शूर्पारक आणि कान्हेरी या दोन महान बौद्ध केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात आजचे मीरा-भाईंदर शहर वसले आहे.

या शहरात आज आपली उपासक मंडळी मोठ्या संख्येने राहतात. जून महिना आला की ठिकठिकाणी गरीब मुलांना वह्यावाटप होते. जयंतीच्या दिवशी अन्नदान होते. थंडीत ब्लँकेटे वाटली जातात. या कार्यामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एक प्रश्न मनात उभा राहतो. ज्या मुलास जूनमध्ये वही मिळाली, ते मूल पुढील मार्चपर्यंत शाळेत टिकले काय, याची नोंद कोणाजवळ आहे? गरीब मुलांना व कुटुंबांना साहाय्य करण्याची आपली म्हणून जी परंपरा आहे, ती या प्रश्नाबाबत काय सांगते, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

शूर्पारकाची साक्ष

इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. लोक ज्याला कोट समजत होते तो स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत धातूंचे करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक खंडित भाग सोपाऱ्यास सापडला, आणि १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शासनाचा भाग मिळाला. या दोन्ही शासनांचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या लेखांवरून आपणांस ज्ञात आहे.

दानाच्या इतिहासात ही दोन शासने अत्यंत महत्त्वाची आहेत. आठव्या शासनात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. त्याने मात्र राज्याभिषेकानंतरच्या दहाव्या वर्षी संबोधीस जाऊन धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत काय घडे? श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांस दान, वृद्धांची भेट व त्यांना द्रव्यसाहाय्य, खेड्यापाड्यांतील जनांची भेट आणि त्यांच्याशी धम्मचर्चा. राजा शिकारीस जात असे त्या वाटेवर आता तो प्रजेची विचारपूस करू लागला. नववे शासन याहून पुढे जाते. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जी नाना मंगलकर्मे करतात त्यांचे फळ अल्प असते, असे ते स्पष्टपणे म्हणते. खरे मंगल कोणते? दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांविषयी आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान. दास व सेवक यांचा उल्लेख या यादीत आरंभीच येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरात राबणाऱ्या माणसाला नीट वागविणे हे दानाइतकेच पुण्याचे मानणारी ही दृष्टी इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात या किनाऱ्यावर दगडात कोरली गेली होती.

लेण्यांतील हिशेब

अशोकानंतर तीन-चार शतकांनी पश्चिम भारतातील लेण्यांत दानलेखांची जणू रांगच लागते. या लेखांत राजे आहेत, अमात्य आहेत; परंतु त्यांच्याबरोबर व्यापारी, सोनार, लोहार, गृहपती, भिक्खू आणि भिक्खुणीही आहेत. कान्हेरीच्या दात्यांत कल्याण व सोपारा येथील लोक आढळतात. आपल्या गावाचे व व्यवसायाचे नाव अभिमानाने लिहून त्यांनी कोणी लेणे, कोणी पाण्याचे टाके, कोणी बसावयाचा ओटा दिला.

या लेखांतील एक शब्द आपण विशेष लक्षात ठेवला पाहिजे. तो म्हणजे ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे मुद्दल. जे मुद्दल कधी खर्चावयाचे नाही, केवळ त्याच्या उत्पन्नातून ठरलेले कार्य निरंतर चालवावयाचे, ती अक्षयनीवी. कान्हेरीच्या लेखांत अशा नीवींचे उल्लेख वारंवार येतात. एका लेखात मंगलठाण, म्हणजे आजच्या बोरिवलीजवळील मागाठाणे, या गावचे शेत दिल्याचे नमूद आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी १६ कार्षापण देण्याची तरतूदही या लेखांत आढळते.

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट चित्र नाशिकच्या लेणे क्रमांक १० मधील उषवदाताच्या लेखात मिळते. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे, असे लेखात स्पष्ट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. वाचकांनी स्वतः हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २० कार्षापण, वर्षाचे २४०. आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२, म्हणजे तितकेच २४०. एकही कार्षापण कमी नाही, अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक ९० कार्षापण किरकोळ खर्चासाठी राखून ठेविले होते. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर वाचून दाखविण्यात आला आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आला, असेही लेख सांगतो.

याच उषवदाताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थाने बांधली. दमण, तापी, डहाणू आदी नद्यांवर त्याने मोफत नावा ठेविल्या. नाव चुकली तर ज्याचा दिवस बुडतो त्या गरीब प्रवाशाला मोफत नावेचे मोल किती असते, हे खाडीकाठच्या माणसास वेगळे सांगावयास नको.

ही परंपरा दीर्घकाळ टिकली. इसवी सनाच्या नवव्या शतकात, शिलाहारांच्या अमदानीत, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने कान्हेरीच्या संघाला १०० द्रम्म दिल्याची नोंद आहे. त्या काळच्या कान्हेरीच्या लेखांत दुरुस्ती, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी रक्कम बाजूस काढलेली दिसते. ग्रंथांसाठी स्वतंत्र तरतूद असणे हे विशेष होय.

या दानलेखांतून तीन तत्त्वे हाती लागतात. मुद्दल अबाधित राहावे. साहाय्य कोणास, किती व कशासाठी, हे आधी ठरलेले असावे. आणि व्यवहार सर्वांसमक्ष नोंदलेला असावा.

परंपरेची मर्यादा आणि तथागतांचा उपदेश

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या लेण्यांतील नीवी प्रामुख्याने भिक्खुसंघासाठी होत्या. विणकराच्या श्रेणीकडे ठेवलेल्या पैशातून भिक्खूला चीवर मिळाले. त्या विणकराच्या मुलाला अक्षरओळख मिळाली काय, याबद्दल लेख मौन पाळतात. आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगताना हे मौन झाकून ठेवण्याचे कारण नाही.

परंतु तथागतांचा उपदेश याहून व्यापक होता. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात दारिद्र्याची कारणमीमांसा आहे. राजाने निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि असत्य अशी अधोगतीची साखळी तेथे वर्णिली आहे. या सुत्तातील एक प्रसंग फार बोलका आहे. उपजीविका नाही म्हणून चोरी केली, असे एक पकडलेला मनुष्य सांगतो. राजा त्याला धन देऊन सोडून देतो. ही वार्ता पसरते आणि धन मिळेल या आशेने इतरही चोरी करू लागतात. तेव्हा राजा भिऊन शिरच्छेदाची शिक्षा सुरू करतो, आणि हिंसा अधिकच वाढते. तात्पुरती खिरापत आणि कठोर शिक्षा हे दोन्ही उपाय निष्फळ ठरले.

मग उपाय कोणता? तो कूटदंत सुत्तात आहे. तेथे पुरोहित राजाला सांगतो की दंड वा बंधन यांनी चोरांचा उपद्रव मुळापासून संपणार नाही. जे शेती व गोपालन करतात त्यांना बीज व चारा द्यावा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न व वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले की राज्यात शांतता नांदेल, आणि मुलांना मांडीवर खेळवीत माणसे दारे उघडी टाकून राहतील. बीज, भांडवल आणि वेतन, हे तीनही शब्द माणसाला पायावर उभे करणारे आहेत. वस्तू वाटून दाता मोकळा होतो. बीज देणाऱ्याला मात्र पीक हाती येईपर्यंत शेताकडे लक्ष ठेवावे लागते.

आधुनिक काळातील पुनरुज्जीवन

मध्यंतरीच्या शतकांत धम्म लोपला आणि दानाचा प्रवाह जातिव्यवस्थेच्या पाटातून वाहू लागला. अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या. परंतु अस्पृश्याच्या मुलाला त्यांच्या उंबरठ्याआत प्रवेश नव्हता. म्हणून एकोणिसाव्या शतकात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी जे केले त्याला केवळ परोपकार म्हणता येत नाही. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाईंचे निर्वाण झाले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. त्यांतील मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सुरू झाले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः साहाय्य घेऊन शिकलेले होते. १९१३ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तिच्यासोबत शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या करारास अनुसरून बाबासाहेब बडोद्यास गेले, तेव्हा उच्चविद्याविभूषित या अधिकाऱ्यास राहण्यासाठी जागा मिळेना, हा इतिहास प्रत्येक आंबेडकरी घरात ठाऊक आहे. शिष्यवृत्ती मिळाली, विद्या मिळाली, तरी डोक्यावर छप्पर मिळत नाही, हा अनुभव त्यांनी घेतला होता. गरीब विद्यार्थ्यासाठी त्यांनी सर्वांत आधी वसतिगृहाचा विचार केला, यामागे हा अनुभव निश्चितच असला पाहिजे.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूर येथे वसतिगृह उघडले. विद्यार्थ्यांच्या अन्न-वस्त्राचा व शालेय साहित्याचा भार सभेने उचलला. तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही सुरू केले. ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या मुलांनी मासिक काढावे, हे त्या वसतिगृहाचे खरे फलित होय. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्यामार्फत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे व धारवाड येथे वसतिगृहांची योजना झाली. या यादीतील ठाणे हे आपल्याच जिल्ह्याचे ठिकाण. मीरा-भाईंदरच्या उपासकांनी हा दुवा विसरू नये.

धारवाडच्या वसतिगृहाशी माता रमाईंची एक आठवण निगडित आहे. अनुदान वेळेवर न आल्याने मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा तेथे मुक्कामास असलेल्या रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगितले जाते. ही आठवण आपण जयंतीच्या व्यासपीठांवरून अनेकदा ऐकतो आणि डोळे पुसतो. परंतु तिच्यातील दुसरा अर्थ आपण क्वचितच पाहतो. अनुदानावर चालणारी संस्था एका महिन्याच्या विलंबाने उपाशी पडू शकते. तेथे अक्षयनीवी असती तर त्या माउलीवर बांगड्या उतरविण्याची वेळ आली नसती.

बाबासाहेब पुढे संस्थांचा पाया रुंद करीत गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नांतून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतूद झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आरंभ १९४४ चा आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालय, ज्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले, अशी ही वाटचाल आहे. दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली मदत विद्यार्थ्याच्या हक्कात रूपांतरित झाली, हे या वाटचालीचे सार होय. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी नवदीक्षितांना आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास देण्याचा निर्धार करावयास सांगितले. दान घेणारा समाज त्या दिवशी दाता झाला. धम्मदीक्षेचा हा आर्थिक अर्थ आपल्या लेखनात फारसा आलेला नाही.

अंगणातील शाळा

जुन्या ठाणे जिल्ह्यात, जो भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे तेथे, याच काळात आणखी एक प्रयोग झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. दलित व आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावर नेली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली गेली. पुढे कोसबाड हे या कार्याचे केंद्र झाले, आणि १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ही मंडळी धम्माच्या वर्तुळातील नव्हती. तथापि मूल संस्थेकडे येत नसेल तर संस्थेने मुलाकडे गेले पाहिजे, हा त्यांचा धडा धम्मयात्रेच्या कल्पनेशी जुळणारा आहे.

परदेशचा हात आणि आपला हात

धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या दोन दशकांत समाजापाशी उत्साह होता, परंतु संस्था थोड्या होत्या. बाबासाहेबांना भेटलेले आणि महापरिनिर्वाणानंतर नागपूरच्या शोकाकुल जनतेला धीर देणारे इंग्लंडचे भिक्खू संघरक्षित यांचे शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये भारतात आले आणि पुढे पुण्यास स्थायिक झाले. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन झाला. २०१० पासून तो त्रिरत्न बौद्ध महासंघ या नावाने ओळखला जातो. त्याच्याशी निगडित ‘बहुजन हिताय’ या संस्थेने पुण्याच्या दापोडीसारख्या वस्त्यांत बालवाड्या व आरोग्यसेवा आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी वसतिगृहे चालविली. या कार्यासाठी निधी उभा करण्यास इंग्लंडमध्ये १९८० मध्ये ‘एड फॉर इंडिया’ या नावाने काम सुरू झाले, जे पुढे करुणा ट्रस्ट झाले. तेथील तरुण बौद्ध कार्यकर्ते संध्याकाळी दारोदार फिरून सामान्य नागरिकांकडून दरमहा छोटी रक्कम देण्याचे वचन घेत.

या कार्याने खेड्यापाड्यांतील कित्येक मुले शिकली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु इतिहासाचा अभ्यासक दोन गोष्टी पाहतो. एक, परक्या देशातील माणूस थंडीवाऱ्यात दारोदार जाऊन आमच्या मुलांसाठी नियमित पैसे गोळा करू शकतो. मग आपल्या शेजारच्या इमारतीतील सुशिक्षित उपासकाकडे जाण्यास आपणांस संकोच का वाटावा? दोन, परदेशी देणग्यांचा मार्ग शासनाच्या हाती असतो. विदेशी अंशदान विनियमन कायदा १९७६ चा. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास बंदी घातली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली. शहरातील मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांचा झरा एका दुरुस्तीने आटू शकतो. धारवाडच्या वसतिगृहाची पंचाईत नव्या रूपात पुन्हा उभी राहते.

मीरा-भाईंदर : आजचा प्रश्न

आता आपण पुन्हा खाडीच्या या काठावर येऊ. मीरा-भाईंदर हा मुळात आगरी, कोळी व ख्रिस्ती बांधवांच्या गावांचा आणि मिठागरांचा प्रदेश. १९८५ मध्ये येथे नगरपालिका झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत सुमारे पावणेतीन-तीन लाख माणसे वाढली, त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांची मुले कोठे होती, हा प्रश्न लोकसंख्येच्या आकड्यांत दिसत नाही.

बांधकामावरील मजुराचे मूल वर्षातून दोन-तीनदा जागा बदलते. वडिलांचे काम संपले की झोपडी उठते आणि मूल शाळेच्या पटावरून नाहीसे होते. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागीच पाळणाघर चालविण्याचा ‘मोबाइल क्रेशेस’ हा उपक्रम सुरू केला, तो याच कारणासाठी. पुढे तो मुंबईतही आला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या जागी सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद करण्यात आली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. म्हणजे आज या मुलाजवळ हक्क आहे. त्या हक्कापर्यंत त्याचे बोट धरून नेणारा मनुष्य मात्र बहुधा नसतो. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, बदलीचा दाखला, बँकेतील खाते यांपैकी एक कागद नसला की शिष्यवृत्ती अडते आणि आठवी-नववीत मूल कामाला लागते.

येथे विहारांचे कार्य सुरू होते. आपण वर्षातून एकदा वह्या वाटतो. त्याऐवजी प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील दहा मुले निवडावी आणि दहावी पूर्ण होईपर्यंत त्यांची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी नीवी स्थापन करावी. उषवदाताप्रमाणे आपणही साधा हिशेब मांडू. ५० कुटुंबांनी दरमहा प्रत्येकी १०० रुपये दिले, तर वर्षाला ६०,००० रुपये होतात आणि पाच वर्षांत ३ लाख. हे मुद्दल मोडावयाचे नाही. शेकडा ७ दराने त्याचे व्याज वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दहा मुलांना प्रत्येकी २,१०० रुपये. रक्कम मोठी नाही, हे खरे. परंतु तिच्यातून परीक्षेचे शुल्क, दाखल्यांसाठीचा प्रवास आणि शाळेची पुस्तके भागतील, आणि ही मदत पुढच्या वर्षी मिळेल की नाही ही चिंता त्या मुलाच्या आईला राहणार नाही. वर्षाच्या शेवटी हा हिशेब वर्षावासाच्या समारोपास विहारात सर्वांसमक्ष वाचून दाखवावा आणि फलकावर लावावा. निगमसभेची ती प्रथा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीची आहे. आपणांस नवीन काही शोधावयाचे नाही.

आणखी एक पथ्य पाळावे. मदत घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र फलकावर छापू नये. लेण्यांच्या लेखांत दात्याचे नाव कोरले आहे, परंतु चीवर घेणाऱ्या वीस भिक्खूंपैकी एकाचेही नाव नाही. घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखणे हा दानाचाच भाग होय. बडोद्यात छप्परासाठी वणवण केलेल्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. आपल्या हातून कोणा मुलाचा मान दुखावला जाऊ नये.

या नीवीतून शिकलेले मूल उद्या कमावते झाले, की त्यालाही आपला विसावा भाग आठवेल. त्या वेळी त्याचे नाव लाभार्थ्यांच्या वहीतून दात्यांच्या वहीत जाईल. दानाचे कार्य यशस्वी झाले की नाही, हे वाटलेल्या वह्यांच्या संख्येवरून ठरवू नये. एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेल्या नावांवरून ठरवावे.